पीराच्या टोकावरची खरखर

हे कुणाला सांगायचं नाही, असं सारंगचाचांनी मला बजावलं होतं. मी मानही डोलावली होती. पण खाली बंदरावर ही गोष्ट आता भलतीच सांगितली जाते, आणि ती ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

“मग आवाज जातो कुठे?”

मयुरेशदादाने हा प्रश्न त्या दुपारी निदान सहाव्यांदा विचारला. खोलीत मी एकटीच होते, म्हणजे मलाच विचारला असणार. पण उत्तर त्याला नको होतं. त्याने लगेच माइकचं बटण पुन्हा दाबलं.

“सर्व होड्या, सर्व होड्या. पीराच्या टोकावरून बोलतोय. संध्याकाळी वारा वाढणार आहे. ताबडतोब परत या. ऐकू येत असेल तर उत्तर द्या. ओव्हर.”

बटण सोडलं. तीन आकडे मोजले.

…

पुन्हा दाबलं.

पीराचं टोक म्हणजे आमच्या बंदराच्या उजव्या हाताला समुद्रात घुसलेली उंच टेकडी. वर एक लहानसा दर्गा आहे आणि दर्ग्याला लागून एक खोली. त्या खोलीत मच्छीमार सोसायटीचा वायरलेस सेट असतो. दर्ग्याची झाडलोट चाचा करतात आणि सेटही तेच सांभाळतात. तीस वर्षं ते मोठ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आता उदबत्ती लावतात, बिजली नावाची शेळी पाळतात आणि बंदराच्या अकरा होड्यांची विचारपूस करतात.

दुपारी बारा वाजता प्रत्येक होडी आपलं नाव सांगते. ते वहीत लिहायचं, हे माझं दिवाळीच्या सुट्टीतलं काम. चाचांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि माझं अक्षर बरं आहे. बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं.

मयुरेशदादा सोसायटीच्या चेअरमनांचा पुतण्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेला. चाचांनंतर सेट त्याच्याकडे जायचा होता, म्हणून आठ दिवस तो वर येत होता. चेअरमन म्हणायचे, “शिकायला जातो.” तो स्वतः म्हणायचा, “सिस्टीम बघायला जातो.”

चाचा त्याला इंजिनीअर म्हणत. त्यात मान होता की टोमणा, ते मला कळत नसे. त्याला मात्र मानच वाटे.

पहिल्या दिवशी चाचांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता.

“ज्याच्यावर आपला आवाज बसून जातो, ती लाट काय असते?”

मयुरेशदादा बोलायला लागला. विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र, दोघांची एकमेकांना काटकोनात चाललेली थरथर. हवा लागत नाही, पाणी लागत नाही, पोकळीतूनही जाते. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग लांबीप्रमाणे तिची नावं. सगळ्यात लांब रेडिओच्या, मग मोबाइलच्या आणि चहा गरम करायच्या ओव्हनच्या, मग टीव्हीच्या रिमोटमधल्या, मग डोळ्यांना दिसणारा उजेड, मग दवाखान्यातले एक्स-रे… सगळं बरोबर होतं. मी आमच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं.

चाचा ऐकत होते. मग त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर उन्हात उभं केलं.

“डोळे मीट.”

त्याने मिटले.

“गालाला काय लागतं?”

“ऊन.”

“ही तीच लाट. सूर्यापासून इथवर यायला तिला आठ मिनिटं लागली.”

“आठ मिनिटं वीस सेकंद,” मयुरेशदादा डोळे न उघडता म्हणाला.

“असेल. तू वीस मिनिटं बोलत होतास.”

मी वहीत तोंड घालून हसले. मयुरेशदादा हसला नाही. खाली उतरताना मला म्हणाला, “म्हातारा जुन्या पद्धतीचा आहे. थिअरी कच्ची.”

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. सेट चालू असला की खोलीत सारखी खरखर असायची. गरम तव्यावर पाणी शिंपडलं की येते तशी. कुणी होडीवाला बोलला की ती थांबायची, त्याचा आवाज यायचा, तो थांबला की ही पुन्हा सुरू. मला तिची इतकी सवय झाली होती की ऐकू येत नसे.

मयुरेशदादाने आल्या आल्या एक बटण फिरवून ती बंद केली.

“चाचा, इतकी वर्षं हे ऐकत बसलात? हे बंद करता येतं. बटण त्यासाठीच दिलंय.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मला लागते ती.”

“खरखर?”

“हो.”

मयुरेशदादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्यानंतर आठ दिवस रोज सकाळी तो खरखर बंद करायचा आणि रोज संध्याकाळी चाचा चालू करायचे. दोघंही त्यावर एक शब्द बोलत नसत. मला मधे बसून कंटाळा यायचा.

तो दिवस शुक्रवारचा होता. बाराला अकराही होड्यांनी नावं सांगितली. अकरावं नाव ‘नागेश्वरी’. ती आमची होडी. बाबा स्वतः बोलले, “नागेश्वरी. सगळा ठीक हा. पुनी वर बसली हा काय? तिका सांग जेवून घी.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं, ‘नागेश्वरी – ठीक’. पुढचं लिहिलं नाही.

मग चाचा जुम्याच्या नमाजाला खाली गावात गेले. दोनशे दहा पायऱ्या उतरून, परत तेवढ्याच चढून यायचं, म्हणजे दोन वाजणार. सेट मयुरेशदादावर सोपवला. तो नुकताच जेटीवर एक फेरी मारून परत वर आला होता. सोसायटीचा हातातला छोटा सेट तो हल्ली कमरेला लावून बंदरभर फिरत असे. लोकांनी बघावं म्हणून. वर आल्यावर त्याने तो बॅगेत टाकला, वरून त्याचं जाडजूड पुस्तक कोंबलं, त्यावर स्टीलचा डबा ठेवला, चेन ओढून लावली आणि बॅग बाहेर कट्ट्यावर ठेवली. खोलीत जागा नव्हती.

साडेबाराला बंदरावर बावटा चढला. संध्याकाळी वादळी वारा येणार होता. लगेच सोसायटीतून फोन आला, सगळ्या होड्यांना परत बोलवा.

तेव्हापासून हे चाललं होतं. सर्व होड्या, सर्व होड्या. ओव्हर. आणि मग काहीच नाही.

“मग आवाज जातो कुठे?” मयुरेशदादा म्हणाला. हे सातव्यांदा.

तेवढ्यात सेटमधून काहीतरी आलं.

“बेंऽऽ.”

गोधडीत तोंड घालून ओरडावं तसा दबलेला आवाज. आणि त्याच क्षणी बाहेर कट्ट्यावर बिजलीही ओरडली.

मी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

“दादा…”

“थांब गं. काम चालू आहे ना?”

मी थांबले. माझं असंच आहे. कुणी एकदा तोडलं की मला दुसऱ्यांदा सुरुवात करता येत नाही. घरी सगळे याला शहाणपणा म्हणतात.

सोसायटीतून पुन्हा फोन आला. “उत्तर आलं काय?”

“प्रोसेस चालू आहे,” मयुरेशदादा म्हणाला आणि फोन ठेवला. मग सेटला म्हणाला, “मूर्ख.”

एक पस्तीसला पुन्हा शेळीचा आवाज आला. आतून आणि बाहेरून. मी दाराबाहेर जाऊन पाहिलं. बिजली मयुरेशदादाच्या बॅगेचा पट्टा चघळत होती. तिला हाकलताना माझा हात बॅगेला लागला. बॅग गरम होती. कट्ट्यावर तर सावली होती. डब्यातली भाजी इतका वेळ गरम राहत नाही.

मी आत आले.

“दादा, तुझी बॅग…”

“शेळी खातेय ना? हाकल तिला.”

“हाकलली. पण…”

“मग झालं तर!”

त्याने बटण दाबलं. मी दाराशी जाऊन समुद्राकडे बघत बसले. खाली आई जेटीवर उभी असणार, हे मला इथून न बघताही दिसत होतं.

दोन वाजायला आले तेव्हा मयुरेशदादाने माइक आपटला.

“अँटेना! दुसरं काही असूच शकत नाही. इतकुशी काठी लावलीय, पुरुषभर उंचीची. आवाज बाहेर पडतच नाहीये.”

तो पाना घेऊन बाहेर गेला. अँटेनाचा खांब खोलीच्या मागे आहे. तिथे तो तारेचा जोड सोडवायला लागला.

“हात काढ.”

चाचा शेवटच्या पायरीवर उभे होते. धाप लागली होती. टोपी हातात होती आणि कपाळावरून घाम गळत होता.

“काय झालं?”

“अँटेना गेली.”

“कुठे गेली? मला तर दिसते आहे.”

“चाचा, ही मस्करीची वेळ नाही. खराब झालीय. दीड तास बोलतोय. अकरातल्या एकाचंही उत्तर नाही!”

चाचांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि समुद्राकडे पाहिलं.

“पुनी. मोज.”

मी मोजल्या. एकदा, दोनदा.

“दहाच. एक दिसत नाही.”

“तोंडं कुठे आहेत त्यांची?”

“बंदराकडे.”

“दुपारी दोन वाजता दहा होड्या जाळी उचलून घरी का निघाल्या, इंजिनीअर?”

“वारा बघून निघाले असतील.”

“वारा आहे?”

वारा नव्हता. दर्ग्यावरचं हिरवं फडकं काठीला चिकटून लोंबत होतं.

“तुझं ऐकून निघाल्या,” चाचा म्हणाले. “दीड तास तू बोललास. दहा जणांनी ऐकलं. ज्या काठीतून बोललास तीच काठी ऐकते. ती बरी आहे. पाना ठेव.”

मयुरेशदादा पाना धरून तसाच उभा राहिला.

“मग मला का ऐकू येत नाही?”

चाचा आत शिरले होते.

“चाचा! मला का…”

“आधी गप्प.”

त्यांनी खरखरीचं बटण धरलं आणि उलट बाजूला पूर्ण फिरवलं. आम्ही तिघंही वाट बघत होतो.

…

खरखर आली नाही.

चाचांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस घाबरला की इतका शांत होतो, हे मला तेव्हा कळलं.

“खरखर कुठे आहे?”

“मी सकाळी बंद केली.”

“मी आत्ता उघडली. कुठे आहे?”

“नाही तर नाही. चांगलंच आहे ना? चॅनेल क्लीन आहे.”

“क्लीन!” चाचांनी कपाळावर हात मारला. “अरे, कुणीच बोलत नसलं की ती खरखर येते. येणारच. ती आली म्हणजे रस्ता मोकळा. ती गेली आणि बोलणाराही कुणी नाही, म्हणजे कुणीतरी बटण दाबून बसलंय. बोलत नाही आणि सोडतही नाही. जवळच कुठेतरी. आपल्या कानावर बसलंय. लांबचा कितीही ओरडला तरी याच्यावरून तो आपल्यापर्यंत येणार नाही.”

मयुरेशदादा हुशार आहे. त्याला एका क्षणात कळलं. त्याचे डोळे चमकले, आणि दुसऱ्या क्षणी तो असा संतापला की मी मागे सरकले. त्याने माइक उचलला.

“कोण आहे तो बटण दाबून बसलेला? सोडा आधी! अक्कल आहे का? तुमच्या एकट्यामुळे सगळं बंदर अडकलंय! कितीदा सांगायचं, वापरता येत नाही तर हात लावू नका! ओव्हर!”

बटण सोडलं.

…

“बेंऽऽ,” सेट म्हणाला.

चाचांनी हळूच विचारलं, “समुद्रावर शेळी कुणी नेली?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग ते बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं. बिजली पुन्हा पट्टा चघळत होती. चाचांनी तिला बाजूला केलं नाही. ते बॅगेजवळ उकिडवे बसले, एक तळवा बॅगेवर ठेवला, आणि पीराला नमस्कार करायला वाकावं तसे वाकले.

आत सेटमधून चाचांचा आवाज आला. गोधडीतून आल्यासारखा.

“इंजिनीअर. ओव्हर.”

मयुरेशदादाच्या हातातला माइक खाली पडला.

तो धावत गेला. चेन अडकली, त्याने ती तोडली. डबा बाहेर फेकला, पुस्तक फेकलं. खालून छोटा सेट काढला. तो इतका तापला होता की त्याला तो या हातातून त्या हातात घ्यावा लागला. पुस्तकाच्या कोपऱ्याने त्याचं बटण दुपारपासून दाबून धरलं होतं.

ते सुटलं, आणि खोलीत खरखर भरली.

इतकी मोठी की बिजली दचकली. मला रडू आलं. खरखर ऐकून कुणी रडत नाही, हे मला माहीत आहे.

मग खरखर थांबली आणि तिच्या जागी आवाज आला. बसलेला, दमलेला. कितीदा तेच ते बोलून झालं असेल कुणास ठाऊक.

“…टोक, टोक. नागेश्वरी बोलतंय. मशीन बंद पडला हा. नांगर धरीत नाय. ओहोटीन कासवखडपाकडे ओढतंय आमका. अरे, कोणतरी ओ द्या रे…”

बाबा होते.

मयुरेशदादाचा हात माइककडे झेपावला. चाचांनी त्याचं मनगट पकडलं.

“अजून बोलतोय तो. तू बटण दाबलंस की तो तुला ऐकू येणार नाही. पूर्ण ऐक.”

ऐकण्याइतकं कठीण काम मी मयुरेशदादाला कधी करताना पाहिलं नव्हतं. बाबांनी जागा सांगितली. कासवखडप या पाण्यातल्या खडकापासून अंतर सांगितलं. किती माणसं आहेत ते सांगितलं. मग पुन्हा खरखर आली.

“आता बोल,” चाचा म्हणाले. “थोडं.”

मयुरेशदादाने बटण दाबलं.

“नागेश्वरी, ऐकलं. माणूस पाठवतोय.”

आणि सोडलं. एवढंच.

खाली दिसणाऱ्या दहांमध्ये सगळ्यात मागे ‘मोहिनी’ होती. तिला बाबांची हाक गेलीच नव्हती. होड्यांच्या काठ्या बुटक्या, आणि ही लाट सरळ जाते, डोंगराला वळसा घालत नाही. टोकाच्या पलीकडचं बोलणं अलीकडे यायचं तर ते वरच्या या खोलीतूनच. सेट इथे दर्ग्यात का ठेवलाय, ते मला त्या दिवशी समजलं. मयुरेशदादाने ‘मोहिनी’ला सांगितलं. तिने तिथल्या तिथे तोंड फिरवलं.

पुढचा दीड तास नुसती वाट बघायची होती. चाचांनी चहा केला. मयुरेशदादाने घेतला नाही. तो सेटसमोर खरखर ऐकत बसला होता, परीक्षेचा निकाल ऐकावा तसा. खरखर जरा थांबली की त्याचा श्वास थांबायचा.

पावणेचारला ‘मोहिनी’ चालवणारा तांडेल बोलला. “दोर बांधला. खडप शंभर हात ऱ्हवला होता. येतो आम्ही.”

पाचला वारा सुटला. तेव्हा अकराही होड्या आत होत्या.

मयुरेशदादा कट्ट्यावर बसला. त्याचं पुस्तक तिथेच पडलं होतं आणि बिजलीने त्याचा एक कोपरा खाल्ला होता. तो तिच्यावर ओरडला नाही.

“मी दीड तास ओरडत होतो, चाचा. माझंच मला आडवं येत होतं.”

चाचा झाडू मारत होते.

“आणि मी त्यांना शिव्या घातल्या. सगळ्यांनी ऐकल्या असतील.”

“हो. अकराही होड्यांनी नीट ऐकल्या. तुझा आवाज चांगला जातो.”

“…खाली कुणाला सांगाल?”

“मी? मला पायऱ्या उतरायचा कंटाळा आहे.”

मयुरेशदादाने माझ्याकडे पाहिलं.

“ही बोलतच नाही,” चाचा म्हणाले.

त्याला बरं वाटलं. मला वाटलं नाही.

जाताना मयुरेशदादा आत गेला. मला वाटलं खरखर बंद करायला. पण त्याने नुसतं बटणाकडे पाहिलं, माइक आकड्याला लावला आणि दार लोटून आला.

“चाचा, उद्या सकाळी येऊ?”

“सिस्टीम बघायला?”

“…नाही. बसायला.”

“ये. बॅग आणू नकोस.”

तो उतरून गेला. मला बाबांना बघायला धावत जायचं होतं, पण चाचांनी हाक मारली.

“पुनी, खाली यातलं काही सांगू नकोस. पोराचं हसं होईल, आणि हसं झालेला पोरगा शिकत नाही.”

मी मान डोलावली.

खाली काय सांगतात ते एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. चेअरमन म्हणतात, वातावरणामुळे सिग्नल गेला होता आणि आमच्या मयुरेशने तो परत आणला. बाकीचे म्हणतात, पीरबाबांनी हाक पोचवली. आई तर दर्ग्यावर नारळ ठेवून आली. बिजलीचं नाव कुणीच घेत नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी मान डोलावल्यावर चाचा म्हणाले, “वही आण.”

मी वही आणली.

“आजचं वाच. मला दिसत नाही.”

मला वाचायचं नव्हतं. तरी वाचलं. बारा वाजताची अकरा नावं वाचली. मग थांबले.

“त्याच्याखाली काही आहे. शाई दिसते मला.”

“…एक दहा. शेळी. पुढे प्रश्नचिन्ह.”

“पुढे.”

“एक पस्तीस. शेळी.”

“पुढे.”

“एक चाळीस. बॅग गरम.”

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला. ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले.

“मी सांगणार होते, चाचा.”

…

“दोनदा तोंड उघडलं होतं. तो मला थांब म्हणाला.”

…

“आणि नंतर… मला कुणी विचारलंच नाही.”

चाचा कट्ट्यावर बसले. बिजली त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. त्यांनी फणसाची दोन पानं तिच्यापुढे धरली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

“हिला कुणी विचारलं होतं?”

दोनशे दहा पायऱ्या मी त्या दिवशी मोजत उतरले, आणि शेवटच्या पायरीवर मी ठरवलं की यापुढे कुणी विचारायची वाट न बघता…

बाबा हाक मारतायत. ते एकदाच मारतात, आणि मी ओ दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ओ, बाबा, आले!